पुणतांब्याचा पाय

काष्टी, शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी १९४६

चि. सौ. चांगुणा हीस थोरली बहीण झुंबरबाई हिचा आशीर्वाद. नको असेल तर परत पाठव, मी दुसऱ्या कोणाला देईन.

अक्षर कोणाचं म्हणून तुझी सून भीमा विचारील. आमच्या शेजारच्या खाजाभाई शिंप्याचं. शुक्रवारी त्याचं मशीन बंद असतं आणि नमाजाहून आल्यावर त्याला काही काम नसतं. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही, म्हणजे आता आपल्या दोघींच्या मध्ये हे दोघे बसणार. मी बोलते तसं हा लिहीत नाही, इस्त्री करून लिहितो. मी ‘लई’ म्हणते, तो ‘फार’ लिहितो. तेव्हा पत्रात कुठं गोडवा लागला तर तो खाजाभाईचा समज, माझ्यावर आळ घेऊ नकोस.

आठ वर्षांत पत्र नाही आणि आज का, असं तुझ्या मनात येईल. सहज. तुमच्या गंगेला, गोदावरीला, यंदा पाणी कितपत आहे ते विचारावं म्हटलं. तुझ्या घरधन्यांचा, आसारामपाव्हण्यांचा, खोकला कसा आहे? तो अजून घरातल्यांना पहाटे उठवतो का? आमच्याकडे सगळं ठीक. छगनची म्हैस व्याली, रेडी झाली. छगनची बायको नेहमीसारखी भाकरी करपवते.

मी उत्तम आहे. दोन शनिवार बाजारात बसले नाही एवढंच. शिंका येत होत्या. लोक आले होते म्हणे, कोणाचा खुबा धरलेला, कोणाचा खांदा उतरलेला, आणि आमच्या ओट्यावर बसून परत गेले. छगन त्यांना सांगतो, आई पाव्हण्यांकडे गेली. मी आत बाजेवर पडून ऐकते.

तुझ्या पुणतांब्याहून निघालेली गाडी दौंडाला जाताना आमच्या काष्टीला थांबते, हे तुला ठाऊकच आहे. कधी दौंडाला निघालीस तर मध्ये उतर. दौंडाला तुझं काही काम नसतं हे मलाही ठाऊक आहे, पण माणसाला कधी काम निघेल सांगता येत नाही.

तुझी झुंबर

(वरचा मजकूर मावशींनी सांगितला तसा लिहिला. या दोन ओळी माझ्या पदरच्या. मावशींना शिंका वगैरे काही नाही. पाटीभर शेण उचलताना पाठीत उसण भरली, आज सोळा दिवस कूस बदलवत नाही. मी लिहिलं हे त्यांना कळवू नये. खाजाभाई)


काष्टी, शुक्रवार, ता. २२ फेब्रुवारी १९४६

चि. चांगुणे,

तुझं पत्र आलं. भीमाचं अक्षर मोत्यासारखं आहे असं खाजाभाई म्हणाला. मजकुराबद्दल काही म्हणाला नाही. आधी मनातल्या मनात वाचून त्यानं मला विचारलं, “मावशी, पानी आनू का?” मी म्हटलं, वाच आधी. तर एवढंच लिहिलेलं: ‘पाठीचं कळलं. तू पायाळू आहेस ना? मग ठेव की स्वतःच्या पाठीवर स्वतःचा पाय.’

मला हसू फुटलं. हसताना पाठीत अशी चमक निघाली की अर्धी उठले होते ती पुन्हा आडवी झाले. आठ वर्षांनी बोललीस आणि एका ओळीत मला पाडलंस.

मग माझ्या डोक्यात आलं, पाठीचं हिला कोणी कळवलं? खाजाभाईकडे पाहिलं, तर तो सुईत दोरा ओवायला लागलेला. मशीन बंद, हातात कापड नाही. त्याला मी जे बोलले ते तो लिहिणार नाही म्हणतो.

तर आता खरं सांगते. उसण भरली आहे. डाव्या बाजूला, कमरेच्या वर चार बोटं. निरगुडीच्या पाल्यानं शेकलं, तेल जिरवलं, बिब्बा घातला, त्याचा फोड आला आणि आता दोन दुखणी आहेत. माझा हात तिथवर पोचत नाही. गावात दुसरं कोणी नाही, कारण दुसरं कोणी होऊच दिलं नाही मी.

भीमा, तू वाचतेस म्हणून तुला सांगते. तुझ्या माहेरी ही रीत नसेल. डोक्याऐवजी पायाकडून जन्माला येतं ते मूल पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. आमचे आबा हाडवैद्य होते. त्यांच्या घरात तुझी सासू पायाकडून आली. मी तिच्या आधी तीन वर्षं सरळ डोक्याकडून आले होते, म्हणून माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. चांगुणा चालायला लागली तशी गाड्या यायला लागल्या. हिला उचलून माणसाच्या पाठीवर उभी करायचे. माणूस उठून बसायचा आणि हिच्या हातावर गूळ ठेवायचा. मी कोपऱ्यात पोत्यात हात घालून बसलेली. आबा पोत्यात मडकं फोडायचे आणि आत न बघता खापरी जुळवायला लावायचे, हाडं कशी चाचपायची ते हाताला कळावं म्हणून. तिला गूळ, मला खापऱ्या.

मग, चांगुणे, नवव्या वर्षी तुला पुणतांब्याला दिली आणि मला गावातच दिली. तू गेलीस त्याच आठवड्यात श्रीगोंद्याचा एक माणूस गाडीत पालथा पडून आला. ओरडत होता, “पायाळू पोरगी कुटं हाय?” आबांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, “ही काय.” मी बारा वर्षांची. मी पाय ठेवला. तो उठला.

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. यात माझा दोष थोडा आहे. आबांचा जास्त आहे, पण ते वारले, म्हणून त्यांचाही माझ्याकडे आला.

आठ वर्षांमागे छगनच्या पोरीच्या लग्नाला तू आलीस आणि दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्यासमोर काहीतरी बोललीस. मी तेव्हा एकाचा खांदा बसवत होते. मला नीट ऐकू आलं नाही.

येतेस का?

झुंबर


काष्टी, शुक्रवार, ता. ८ मार्च १९४६

चि. चांगुणे,

तुझी अट कळली. येईन तर शनिवारी येईन, बाजार भरलेला असताना येईन, आणि पाय कोणाचा ते सगळ्यांदेखत तू सांगायचं. नाहीतर मी आपली घरी बरी. बरोबर ना? खाजाभाईनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी ऐकू न आल्याचं सोंग केलं.

ते सोंग मी आठ वर्षांमागेही केलं होतं. मला नीट ऐकू आलं होतं, चांगुणे. तू म्हणालीस, “ही पायाळू न्हाई. मी हाय.” लोक हसले. कोणीतरी म्हणालं, थोरलीचं चाललेलं धाकटीला बघवत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून त्या माणसाचा खांदा धरून बसले. खांदा केव्हाच बसला होता. उगाच धरून बसले होते.

तू त्याच संध्याकाळी गाडीत बसलीस. मी स्टेशनापर्यंत आले होते, हे तुला माहीत नसेल. पाण्याच्या टाकीमागं उभी होते. गाडी गेली आणि मी परत आले.

मला वाटायचं, तुला तिकडे काय कमी आहे. जमीन आहे, विहीर आहे, माणसं आहेत. मग तुझ्या सासूची गोष्ट आठवायची. तिला उसण भरली तेव्हा घरातच पायाळू सून होती, आणि ती म्हणाली, सुनेचा पाय सासूच्या पाठीला? महिनाभर ती बाई ओणवी चालली, चूल ओणवी, अंगण ओणवं, पण तुझा पाय लावून घेतला नाही. ही गोष्ट तू मला सांगितलीस तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो होतो. तू आधी थांबलीस.

इकडची गंमत ऐक. छगननं न विचारता कुठल्याशा गावचा पायाळू गडी आणला. बैलाएवढा. त्यानं पाय ठेवला आणि मला वाटलं आता माती टाकायचीच बाकी आहे. गावात कुजबुज सुरू झाली आहे, पायाळूला उसण भरतेच कशी. खाजाभाईचा मेव्हणा नगरच्या लष्करात कपडे शिवतो. तो सांगत आला की तिथं एक गोरा आहे, लढाईच्या आधी विलायतेत नुसत्या हातानं पाठी आणि सांधे बसवायचा. त्या विद्येला ऑस्टिओपाथी म्हणतात, तिच्या शाळा आहेत, वर्षानुवर्षं शिकवतात. मी विचारलं, तो पायाळू आहे का? खाजाभाई म्हणाला, “मावशी, तिथं असं कुणी इचारत न्हाई. सगळं हाताचंच काम.” मी डोळे मिटून आपलेच अंगठे चाचपत राहिले. त्याला वाटलं मला झोप लागली.

नगरला मी जायची नाही. मला तू पाहिजेस.

तर ये. शनिवारी, १६ तारखेला. मी सांगते. बाज उचलून बाजारात न्यायला छगनला सांगितलं आहे. त्याला वाटतं मला बैल बघायचे आहेत.

झुंबर


काष्टी, शुक्रवार, ता. ५ एप्रिल १९४६

चि. सौ. चांगुणा हीस आशीर्वाद. आता घेशील असं धरून चालते.

मी चालते. विहिरीपर्यंत जाते, परत येते. छगनच्या बायकोला भाकरीवरून बोलायला चुलीपाशी उभी राहते, म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं.

तुझं पत्र काल आलं. त्याचं उत्तर सांगायचंच आहे. आधी बाजारात तुझी गोष्ट कशी सांगतात ते ऐक, कारण त्यात एक जागा चुकते आणि ती मलाच दुरुस्त करायची आहे.

लोक सांगतात, म्हातारी बाजेवर पालथी होती. तिनं हाळी देऊन सगळा बाजार गोळा केला आणि म्हणाली, पायाळू मी नव्हे, ही माझी धाकटी बहीण आहे, पन्नास वर्षं मी हिच्या नावावर पाय ठेवत आले. इथपर्यंत बरोबर. मग लोक म्हणाले, म्हातारीच्या डोक्यात ताप गेला. हेही बरोबर. बघ, तुला हसले होते तसेच मलाही हसले. मग गहिनीनाथ दलाल, जो बैलाचे दात बघितल्याशिवाय स्वतःच्या बापावरही विश्वास ठेवणार नाही, तो पुढं आला आणि म्हणाला, “आसंल. पर बोलून काय हुतंय? लावा की तिचा पाय. उटली म्हातारी तर खरं.”

मग तू पुढं झालीस. पाय लावण्याआधी धाकटी म्हणून तू वाकून माझे पाय धरलेस. मला दिसलं नाही, मी पालथी होते, पण तुझे हात गार होते आणि तू जरा जास्त वेळ धरलेस. मग चप्पल काढलीस, मुठीत माती घेऊन पायाला चोळलीस, आबा लावायचे तशी, आणि पाय ठेवलास.

लोक सांगतात, पाय लागला आणि म्हातारी ताडकन उठून उभी राहिली.

चांगुणे, ही जागा चुकते.

तुझा पाय लागला आणि काही झालं नाही. काडीइतकंही नाही. तुझा पाय पाखराएवढा हलका होता. मी मान वळवून वर पाहिलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, गहिनीनाथाकडेही नाही. तू डोळे मिटून उभी होतीस. बासष्ट वर्षांची बाई, नातवंडांची आजी, आणि तोंड त्या गुळाची वाट बघणाऱ्या पोरीचं. मला कळलं, मी आता पडून राहिले तर मी एवढं बोलले ते वाया जाईल, आणि तू खोटी म्हणून त्या गाडीत दुसऱ्यांदा बसशील.

म्हणून मी उठले. कशी उठले ते माझं मला माहीत. डोळ्यांपुढं काजवे आले. मी दात दाबून हसले आणि लोकांना वाटलं, आनंदानं हसते. गहिनीनाथानं डोक्याचं पागोटं काढलं. लगेच तुझ्यापुढं सात माणसं पालथी झाली.

भीमा, आता जरा थांब. सासूला पाणी दे, तिच्याजवळ बस आणि मग पुढचं वाच.

चांगुणे, तू लिहिलंस की पुणतांब्यात आता तुझ्या ओट्यावर माणसं येतात. दोघं उठून चालत गेले. तिसरी ती बाई, जिचा गुडघा धरला आहे, तिला तू तीनदा पाय लावलास आणि तिला काही झालं नाही. ती आली तशी लंगडत गेली. तू लिहिलंस की तुझ्या पायातलं गेलं, पन्नास वर्षं न वापरल्यानं वाळून गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं. भीमानं ते जपून लिहिलं आहे, पण खाजाभाईनं वाचताना मला कळलं की तू रडत सांगितलं आहेस.

काही गेलेलं नाही. कारण तिथं काही नव्हतं. तुझ्या पायात नव्हतं, माझ्याही नव्हतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. छगनच्या बापाला सांगितलं नाही. आज खाजाभाई ऐकतो आहे आणि त्याची लेखणी थांबली आहे. लिही रे. तुझी पाठ महिन्याला एकदा माझ्या हाताखाली येते, हे ध्यानात ठेव आणि बाहेर बोलू नकोस.

अर्ध्या उसणी आपोआप उतरतात. माणूस गाडीतून उतरेपर्यंत अर्धी उतरलेली असते, पाय फक्त निमित्ताला लागतो. तुझे ते दोघं तसेच. राहिलेल्या अर्ध्यांना हात लागतो. आठव, आबा तुला पाठीवर उभी करण्याआधी काय करायचे? ‘कुठं दुखतं बघू’ म्हणून माणसाची पाठ चाचपायचे. गुडघा पोटाशी घ्यायला लावायचे, कुशीवर वळवायचे, अंगठा रोवायचे. काम तिथं व्हायचं. मग म्हणायचे, आता पोरगी उभी करा. मला पोत्यातल्या खापऱ्यांनी हे शिकवलं. तुला कोणी सांगितलंच नाही, तू गूळ खात होतीस. मी पन्नास वर्षं तेच केलं. हात आधी, पाय नंतर. लोक पाय बघायला यायचे, मी हाताचं काम उरकून त्यांना पाय दाखवायची.

मग माझी पाठ कोणी बरी केली? तूच केलीस. बाजारातून घरी आणल्यावर मी म्हटलं, जरा तेल लाव. तुला वाटलं म्हातारी लाड करून घेते. मी म्हटलं, जरा खाली. डावीकडे. हाताला गाठ लागते का? लागते म्हणालीस. तिथं अंगठा रोव, आता माझा गुडघा वर घे, आता दुसऱ्या हातानं खांदा मागं दाब. तू म्हणालीस, “किती नखरे गं तुझे.” आणि कट्ट झालं. तू घाबरलीस. मी म्हटलं, बाज जुनी आहे.

बाज नव्हती, माझी पाठ होती. त्या रात्री पन्नास दिवसांनी मी कुशीवर झोपले.

तुझा अंगठा चांगला आहे. आबांपेक्षा जरा घाईचा आहे, पण गाठ बरोबर शोधतो. मी सांगितलं त्यापेक्षा बोटभर पलीकडे गेलीस तू, आणि तीच जागा खरी होती. हे न शिकता आलेलं आहे. याचा हेवा मला आत्ता वाटतो. तुझ्या पायांचा गूळ तू खायचीस तेव्हा वाटायचा, त्याहून जास्त.

आता तू रागावशील. पाय काढून घेतलास तो घेतलास, आता पायाचं नावही काढून घेतलंस, असं म्हणशील. वाटलं तर आणखी आठ वर्षं बोलू नकोस, मला वाट बघायची सवय आहे. पण एवढं आयुष्य माझ्याजवळ शिल्लक आहे असं वाटत नाही, म्हणून मी तुझ्या रागाला थांबणार नाही.

गुडघ्याच्या बाईला निरोप दे की गुरुवारी परत यावं. गुडघा वरून दुखतो आणि खुब्यात धरलेला असतो, असं पुष्कळदा होतं. तिचं तेच असणार. लिहून सांगता येत नाही, हातावर हात ठेवूनच दाखवावं लागतं. मी गुरुवारच्या गाडीनं येते. आसारामपाव्हण्यांना सांग, बैलगाडी घेऊन स्टेशनावर या, खोकला घरी ठेवून या. मी एकटी येते म्हटल्यावर छगन डोळे वटारतो आहे. त्याला सांगितलं, मला आता पाव्हण्यांकडे जायचं आहे. इतके दिवस लोकांना तू हेच सांगत होतास, तेव्हा ते खरं करून येते.

लोकांना पाय लागतो, चांगुणे. तो नसेल तर त्यांचं समाधान होत नाही, आणि त्यांना तो खरा पायाळूचा मिळणार असेल तर का देऊ नये? तेव्हा तू पाय धुऊन ठेव. हात मी घेऊन येते.

तुझी झुंबर